गजकच्या पोटातलं नाणं

“तुमच्या कुत्र्याच्या पोटात नेमकं कोणतं शतक आहे?”

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून विचारलं, आणि त्या अवस्थेतही मला हसू आलं... रडता रडता आलेलं, वेडंवाकडं हसू.

जानेवारीतली सकाळ होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. गजकला शालीत गुंडाळून मी रिक्षात बसले आणि ग्वाल्हेरातल्या शिंदे की छावनीच्या धुक्यात पहिली जी जनावरांच्या दवाखान्याची पाटी दिसली, तिथे शिरले. समोर हे डॉक्टर समरजीत. उंच, सावळे, स्वेटरवर मांजराचे केस. याने नाणं गिळलंय, पण कुठल्या शतकातलं ते माहीत नाही, एवढंच मी त्यांना रडत सांगितलं होतं.

“दोन शक्यता आहेत,” मी नाक पुसत म्हटलं. “एकतर पहिलं शतक. नाहीतर एकविसावं.”

“अहो, मधे दोन हजार वर्षं आहेत!”

मग मला सगळं सांगावं लागलं. मी अवंतिका, कंपू भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. शाळेपासून नाणी जमवते. माणसाने पहिलं नाणं पाडलं तेव्हापासून आजवर, जगात कुठलं का असेना, दर शतकाचं निदान एक नाणं माझ्याकडे हवं, हा माझा हट्ट. काही शतकं अजून रिकामी आहेत. त्या सकाळी सगळा पसारा गच्चीवर उन्हाची वाट बघत मांडला होता. हाताला तीळ-गुळाचा वास, नाण्यांनाही तोच. गजक आला, ट्रे उलटला. सगळी नाणी वेचली तेव्हा दोन कमी भरली — रोमन चांदीचं, आणि भावाने पाठवलेलं नवं अमेरिकन सेंट.

डॉक्टरांचा चेहरा एकदम बदलला.

“चांदीचं असेल तर चिंता नको. आपोआप बाहेर पडेल. पण सेंट...”

“आतून जस्ताचं असतं,” मी म्हटलं. “वर नुसता तांब्याचा पापुद्रा.”

“तेच तर! जस्त पोटात विरघळलं की रक्तात जहर पसरतं. मग थांबायचं नाही, आत्ताच दुर्बीण घालून काढायला हवं. पण हा म्हातारा झालाय, या वयात हृदयाचा भरवसा नसतो. उगाच भूल द्यायला माझं मन होत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मला एक्स-रेत नुसती एक चकती दिसतेय. तुम्हाला काय दिसतंय?”

मी फिल्म हातात घेतली. उजेडाकडे धरून तिची कडा न्याहाळली.

रोमन नाणं हातोड्याने ठोकून केलेलं. कडा कधी सारखी नसते, माझं तर एका बाजूने चेपलेलं होतं. आणि ही सावली... सगळीकडून गोल. अगदी गोल. नाणं जुनं निघावं म्हणून इतकं देवाला मी आयुष्यात कधी विनवलं नव्हतं.

“हे यंत्रातून निघालंय,” मी म्हटलं. “सेंट आहे.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या एका शब्दावर त्यांनी गजकला आत नेलं. बाकावर बसून मी शालीच्या दशा पिळत राहिले. मी चुकले असेन तर? भुलीतून तो उठलाच नाही तर?

दार उघडलं. मास्क खाली, कपाळावर घाम, हातात स्टीलची वाटी. वाटीत काळवंडलेलं, एका बाजूने खाल्लं गेलेलं सेंट.

“तुम्ही बरोबर होतात,” ते म्हणाले. “साहेब जागे झालेत. माझं बोट चाटून झालं.”

मी बाकावरून उठले, तशी फरशीवरच बसले आणि मोठ्याने रडले. माझ्या शेजारी, दवाखान्याच्या फरशीवर, तेही बसले.

रोमन नाणं संध्याकाळी आईच्या चपलेत सापडलं.

त्यानंतर गजकची तब्येत फार नाजूक झाली. मतलब... मी केली. कधी त्याचा कान दुखायचा, कधी नखं वाढायची.

“आज काय झालं?”

“शिंकला.”

“किती वेळा?”

“...एकदा.”

डॉक्टर अत्यंत गंभीरपणे छाती तपासायचे. “लक्षण ठीक नाही. परवा पुन्हा आणा.”

आणि मी पर्समधून एखादं नाणं काढायचे. त्यांना राजांशी काही देणंघेणं नव्हतं, ते फक्त जनावरं बघायचे. अथेन्सचं घुबड पाहून म्हणाले, “याची झोप पुरी होत नाही.” शक राजाच्या नाण्यावरचा घोडा भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

“काय हो?”

“मागच्या डाव्या पायाने लंगडतोय. स्वाराला सांगा, उतर.”

नाणं परत देताना त्यांची बोटं माझ्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळली... की मलाच तसं वाटलं? रिक्षात बसल्यावर मी तो तळहात मिटूनच ठेवला.

मग एके दिवशी लसीची तारीख विचारायला फोन केला. दवाखान्यातल्या गरिमाने उचलला.

“सर तो जबलपुर जा रहे हैं, दीदी. इसी शनिवार को.”

पुढचं मी ऐकलंच नाही. जबलपूर. नवी नोकरी असणार, नवं घर असणार. आणि मी महिनाभर नुसत्या शिंका मोजत बसले!

शुक्रवारी ड्युटी संपली तशी सरळ दवाखान्यात गेले. एकटीच.

“गजक कुठाय?” ते उभेच राहिले. “ठीक आहे ना?”

“ठणठणीत आहे. घरी आहे.”

“मग?”

“झालंय ते मला.” मी पर्स टेबलावर ठेवली. “तुम्ही कायमचे चाललात, आणि मी... मला सांगायचं होतं की मी कुत्र्यासाठी येतच नव्हते.”

त्यांनी हातातला स्टेथोस्कोप खाली ठेवला.

“कायमचे? गरिमाने सांगितलं?”

“नाही... ते मीच ठरवलं.”

“अवंतिका, जंगली जनावरांचं ट्रेनिंग आहे. होळीपर्यंत परत येतोय.”

इतकं हलकं वाटलं, की माझं मलाच हसू आलं. त्यांनी हात धरून मला खुर्चीत बसवलं, आणि मग तो हात सोडला नाही.

“सच बताऊँ?” ते हळूच म्हणाले. “अख्ख्या ग्वाल्हेरात इतका निरोगी म्हातारा कुत्रा दुसरा नाही. मला भीती होती, एक दिवस तुम्हाला ते कळेल आणि तुम्ही यायचं बंद कराल. म्हणून एकेक शिंक लांबवत होतो.”

“म्हणजे पहिल्यापासून कळत होतं?”

“डॉक्टर आहे मी. पण बोलायचं धाडस तुमच्याकडेच होतं.”

बाहेर गरिमा शटर ओढायला आली आणि आम्हाला पाहून तशीच मागे फिरली. आम्ही दोघंही हसलो. निघताना त्यांनी दारापर्यंत सोडलं.

“नीट जा,” मी म्हटलं. “आणि... लवकर ये.”

“ये?”

माझे कान तापले. पण शब्द मागे घेतला नाही.

“हो. ये.”

“येतो,” तो म्हणाला. “तू वाट बघ.”