मुऱ्हाळ्याचं विमान

"गाडी मना भाऊ शे का, दीपक? मी नही येवाव!"

धुळ्याच्या देवपुरातल्या आपल्या ओट्यावर उभी राहून कोकिळा फोनवर इतकी ताडकन बोलली, की आत चहा पीत बसलेल्या प्रेमराजनं, तिच्या नवऱ्यानं, दचकून कपच खाली ठेवला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला भावानं स्वतः मुऱ्हाळी होऊन तिच्या दारात यायचं, हा खानदेशातल्या घराघरातला रिवाज... आणि तिच्या या धाकट्यानं अकरा वर्षं कधी गाडी पाठवली, कधी नुसताच फोन केला!

"अक्का, हैदराबादहून दीड तासात जळगावला उतरलो. उद्या सकाळच्या विमानानं परत. आई वाट बघतेय, ड्रायव्हर निघालाय... ये ना!"

"जळगाव ते धुळं विमानानं किती लांब रे?"

"सरळ रेषेत पंच्याऐंशी किलोमीटर असेल. वीस मिनिटं... पण असं विमान कुठंय?"

"वीस मिनिटं! अकरा वरीस व्हयनात, तू अजून उतरना नही!"

"इतकं ताणू नको गं," प्रेमराज म्हणाला. पण आज तिचं काळीज ऐकणार नव्हतं. वडील गेले तेव्हा नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर टाकून ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली, ती याच दीपकच्या इंजिनिअरिंगसाठी! त्या त्यागाचा तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. तिला उपकाराची फेड नकोच होती, तिला दारात भाऊ हवा होता!

दुपारी ड्रायव्हर आला. त्याला तिनं पोटभर आमरस-पोळी वाढली आणि रिकामी गाडी परत धाडली.

ऊन कलता कलता तीच गाडी पुन्हा दारात थांबली. दीपक उतरला, घामानं भिजलेला, मान खाली घातलेला.

"अक्का... तुनं शिक्षण मनामुळे सुटनं. तुना उंबरा चढाले माले लाज वाटे..."

"लाज तुले वाटे, आनि वाट मी दखू? अकरा वरीस!" तिचा स्वर फाटला, डोळे घळघळा वाहू लागले, पण ती उंबऱ्यातून तसूभर हलली नाही. "मुऱ्हाळी एक मुक्काम करस. करशी, तर येसू."

"सकाळनं विमान..."

तिनं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. त्यानं फोन काढला, तिकीट रद्द केलं आणि तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडू लागला. तेव्हा कुठं कोकिळा बाजूला झाली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं.

सकाळी प्रेमराज म्हणाला, "चल, तुझी बॅग भरायला घे, उशीर होईल."

"भरलेली शे."

तिनं खाटेखालून बॅग ओढली. वर कोऱ्या साडीची घडी होती, आईसाठी घेतलेली. दर आखाजीला ती बॅग भरून ठेवायची आणि चार दिवसांनी कुणाला न सांगता रिकामी करायची.