पंपाच्या खोलीतला आंधळा कॅमेरा

"रमणभाई, परत फिरवा ना तो दांडा!" इरा वॉचमनच्या खोलीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून ओरडली.

समा भागातल्या इराच्या सोसायटीचे वॉचमन रमणभाई. त्यांनी कॅमेरा फिरवायचा दांडा ढकलला. तळघरातल्या पंपाच्या खोलीचं पुसट चित्र थरथरलं, त्यावर पांढऱ्या रेघा धावल्या. कॅमेरा मात्र तसूभर हलला नाही!

"बघितलंस, अमोघ? दांडा हलवला की चित्र फाटतं!" इरा मावसभावाला म्हणाली. "चित्र खालून वर येतं आणि हुकूम वरून खाली जातो. केबल एकच, पण आतल्या तारांच्या जोड्या वेगळ्या. त्या कुठेतरी एकमेकींत घुसल्यात!"

इराची आई, निरुपमा, केबल टाकायची कामं घेई. सुट्टीत इरा तिच्याबरोबर हिंडे.

"तारांचं काही नाही. नवा कॅमेरा मागवलाय मी," सेक्रेटरी दिनकरराव गुरगुरले. "जा, खेळा!"

खेळतंय कोण! केबलचा माग काढत इरा, अमोघ आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ नील पंपाच्या खोलीत शिरले.

धाड्! मागे दार आपटलं.

अमोघने कडी शोधली. कडीच्या जागी नुसतं भोक! "इरा, आतून दार उघडतच नाही!"

तिघांनी दारावर बुक्क्या मारल्या, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पण मोटारीच्या घरघरीत स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मोबाइलला रेंज नव्हती. मे महिन्याचा उकाडा भिंतींतून पाझरत होता. तेवढ्यात नील खाली बसला. त्याची छाती शिट्टीसारखी वाजू लागली.

"पंप... घरी राहिला," तो कसाबसा म्हणाला. दम्याचा पंप!

अमोघ त्याची पाठ चोळू लागला. "कॅमेऱ्यात दिसलो असतो, तर..."

"दिसायचंच! रमणभाई अजून दांडा ढकलत असणार." इराने वर पाहिलं. मोटारीमागच्या, कुणाला शिरताही येणार नाही अशा कोपऱ्याकडे तोंड करून कॅमेरा अडकला होता. त्याच्याखाली केबलचा डबा होता. विजेची तार दुसऱ्या नळीतून गेलेली. तिला हात लावायचा नाही, हे इराने आधी बघून घेतलं. मग डबा उघडून जोडावरची चिकटपट्टी दातांनी सोलली.

"अगं बाई! निळ्या तारेची जोडीदार पांढरी-निळी हवी. जोडणाऱ्याने ती पांढऱ्या-हिरव्याला बांधलीये!"

"मग सोड ना लवकर!"

घामाने बोटं निसटत होती. तारेचं टोक नखाखाली घुसलं. इराने ओठ चावला आणि पिळा सोडला. निळ्याची निळ्याशी, हिरव्याची हिरव्याशी... शेवटचा पिळा पडला.

काहीच घडलं नाही. नीलची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

मग वर बारीक करकर झाली. कॅमेऱ्याची मान हळूहळू वळली आणि थेट त्यांच्याकडे तोंड करून थांबली!

"हात हलव, अमोघ! हलव!"

दोन मिनिटांत दार उघडलं. "अरे छोकरांव, शुं थयुं? काय झालं?" रमणभाईंनी नीलला उचललं आणि जिन्याकडे धूम ठोकली.

घरच्या पंपाने नीलचा दम बसला. संध्याकाळी तो पायरीवर बसून पेप्सीकोलाची बर्फकांडी चोखत होता. दिनकरराव त्याच्यापाशी आले. "आतून कडी नाही, हे मला ठाऊक होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आज बसवली. चूक माझी, बाळा." मग इराकडे वळून म्हणाले, "आणि नवा कॅमेरा नको म्हणून कळवलंय. इंजिनिअर आपल्याच सोसायटीत आहे म्हटलं!"

आईने इराचं नख तपासलं, त्यावर हळूच फुंकर घातली. "जोड घट्ट बसलाय," ती म्हणाली. "मी बघून आले. मीही याहून चांगला केला नसता."