रिम्माच्या वाट्याचा तुकडा

लांबच्या गावाला निघायचं म्हणजे आधी पेटीवर बसायचं, ही रशियातली जुनी रीत. दार उघडण्याआधी, तोंडातून शब्द न काढता, घटकाभर. मग उठायचं आणि मागे न बघता निघायचं. सावेलिच त्या दिवशी सकाळी तसाच बसला होता, पेटीच्या अगदी कडेला, पडेल की काय असा. उरलेली अर्धी पेटी त्याने मोकळी सोडली होती. तिथे त्याची बायको रिम्मा बसायची. ती जाऊन चार हिवाळे उलटले, पण पेटीच्या मधोमध बसणं काही त्याला जमलं नाही.

पूर्ण नाव वेनियामिन सावेलिच ड्रोझ्दोव. एके काळी हे नाव पाटीवर लागलं की मॉस्कोत कडाक्याच्या थंडीत तिकिटांची रांग पार कोपरा वळून जायची. लढाईहून डावा कान बहिरा करून आलेला हा पोरगा सिनेमाच्या कारखान्यात आधी दिवे उचलायला लागला, मग दिवे उचलणाऱ्यांना हसवायला लागला, आणि शेवटी सगळ्या देशाला. त्याचा पहिला सिनेमा वरच्यांनी कपाटात टाकला. दुसरा अर्धा कापला. तिसऱ्याला पदक दिलं, आणि पदक छातीला लावता लावता कानात सांगितलं, “आता जरा गंभीर काहीतरी काढा.”

पण हसवण्याचं वेड असं सुटतंय होय!

त्याची एक खोड होती. सिनेमा मंजूर करणाऱ्या मंडळाची माणसं दगडासारखी बसून बघायची. पहिलं हसून दाखवायची कोणाची छाती नसे. म्हणून सावेलिच साध्या लोकांचा खेळ असला की पडद्याच्या मागे जाऊन उभा राही. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यातून त्याला लोकांचे चेहरे दिसत. मागून चित्र उलटं दिसतं. उजव्याचं डावं, डाव्याचं उजवं. पण त्याला चित्र बघायचंच नसे. “मी चेहरे बघतो,” तो म्हणायचा. “माझा सिनेमा समोर चालू असतो.”

त्याच्या जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीला, एक पांढरी बशी टांगलेली होती. तुकडे चिकटवून जोडलेली. सिनेमावाल्यांची रीत अशी, की चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्याच्या तिपाईवर बशी फोडायची, प्रत्येकाने एकेक तुकडा उचलायचा, आणि काम संपलं की सगळ्यांनी तुकडे आणून बशी पुन्हा जोडायची. ही ‘बंब हरवला’ या सिनेमाची बशी. तिच्यात दोन जागा रिकाम्या होत्या. एक सावेलिचची. आपला तुकडा तो खिशात ठेवायचा, आणि अंगठ्याने घासून घासून त्याची कड गोट्यासारखी गुळगुळीत केली होती. दुसरी जागा रिम्माची. तिने आपला तुकडा जोडायला दिलाच नाही. ती गेली तेव्हा तिच्या शिवणाच्या डब्यात तो सापडला, आणि सावेलिचने स्वतःच्या हाताने तो शवपेटीत तिच्या मुठीत ठेवला.

का दिला नाही, तेही सांगते.

‘बंब हरवला’मध्ये रिम्मा दूधवाली झाली होती. गावाचा अध्यक्ष नव्या अग्निशामक ठाण्यापुढे उभा राहून लांबलचक भाषण ठोकतोय, आणि त्याच्या मागे ठाण्यातूनच धूर निघतोय. गर्दीतल्या दूधवालीला हसू येतं. ती दाबते, ओठ चावते, कॅनच्या झाकणात तोंड लपवते, आणि मग सुटते ती सुटतेच. मिनिटभर. असं हसू नाटक करून येत नाही. रिम्मा खरंच हसत होती, कारण कॅमेऱ्यामागे सावेलिच त्या अध्यक्षाची नक्कल करत होता.

मंडळाने विचारलं, “ही कोणाला हसतेय?”

“कोणाला नाही, कॉम्रेड. नुसती हसतेय.”

“अध्यक्ष बोलत असताना?”

बाई ठेवली असती तर सिनेमा गेला असता. त्याने कात्री मागितली आणि स्वतःच कापलं. घरी मात्र बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पहिल्या खेळाचा दिवस आला. रिम्मा नवा हिरवा पोशाख घालून, खेड्यातून आईला बोलावून, त्याच्या शेजारी बसली. अध्यक्षाचं भाषण सुरू झालं तेव्हा तिने आईचा हात धरला. भाषण संपलं. बंब आला. आई हळूच म्हणाली, “तू केव्हा येतेस गं?”

घरी येऊन रिम्माने कानातलं काढून ठेवलं, चहा टाकला. एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून हसू आलं की ती तोंडावर तळहात धरायची. आणि पुढे पुढे हात धरण्याचीही गरज उरली नाही.

आता त्या सिनेमाच्या काही प्रती, नदी गोठायच्या आत म्हणून, शेवटच्या बोटीने उत्तरेला आधीच गेल्या होत्या. मंडळाने बघण्याच्याही आधी. त्यातली एक झाओझेर्ये नावाच्या गावात अजून आहे, असं सावेलिचला कोणीतरी सांगितलं. सरकार सिनेमावाल्यांना गावोगाव प्रेक्षकांच्या भेटीला धाडायचं, पण त्या गावी जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. हा एका पायावर तयार झाला. त्याला एकदाच ते हसू बघायचं होतं. आणि बघून एक विचारायचं होतं, जे ती जिवंत असताना त्याने विचारलं नाही.

आगगाडी झाली, मग द्विना नदीवरची बोट. धक्क्यावर उतरला तेव्हा सूर्य चांगला वर होता. तिकडे उन्हाळ्यात तो मावळायचं नावच घेत नाही. पण त्या उजेडाला ऊब नव्हती. जुन्या धुतलेल्या चादरीसारखा पांढुरका, कुठे सावली धड पडत नव्हती. गावात चिटपाखरू नाही. दारांना कुलपाऐवजी काठ्या लावलेल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

सांस्कृतिक भवनाच्या पायरीवर एक बाई मासे साफ करत बसली होती. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. ही ग्लाफिरा, सिनेमाचं यंत्र चालवणारी.

“मॉस्कोचे का तुम्ही?” ती म्हणाली. “मग उशीर केलात. सगळा गाव नदीपार गवत कापायला गेलाय. आठवडाभर कोणी येत नाही. माझा पाय सुजला म्हणून मी मागे.”

“तार केली होती.”

“तार आली ना काल. मी वाचली. पण गवताला कोण वाचून दाखवणार?” तिने त्याच्याकडे नीट बघितलं. “तुम्हीच ते हसवणारे? चेहरा तर मयतीला आल्यासारखा आहे.”

“हसवणाऱ्यांचा असाच असतो, बाई.”

“मग माझा नवरा मोठा विनोदी होता म्हणायचा.”

तिने त्याला आत नेलं, मासे भरलेला पाव दिला, चहा दिला. चहा पिताना त्याने ‘बंब हरवला’चं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, पण पेला बशीवर वाजला.

“आहे की. रीळ पार झिजलंय, पण आहे.”

“त्यात एक दूधवाली हसते... ते आहे का?”

“आता हे मी काय सांगू! मी यंत्राकडे बघते. या डोळ्यांना पडदा म्हणजे नुसता उजेड.” मग तिला त्याची दया आली असावी. “लावू का? रिकाम्या बाकांना दाखवायचं तेवढं.”

सभागृहाच्या खिडक्यांवर घोंगडी ठोकलेली होती. दार लागलं तसा बाहेरचा पांढरा उजेड तुटला आणि आत काळोख झाला. ओल्या लोकरीचा, रॉकेलचा, कुजक्या फळ्यांचा वास. सावेलिच हाताने भिंत चाचपत पुढे गेला आणि सवयीने पडद्याच्या मागे शिरला. चेहरे बघायला कोणी नव्हतं. तरी पाय तिकडेच वळले.

यंत्र खडखडलं. त्याच्या उजव्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आवाजाचा कर्णा होता. तो खरखरला आणि गाणं लागलं. पडद्यावर उलटी अक्षरं आली. भोकांतून त्याने पलीकडे बघितलं. बाकांच्या रांगा, त्यांच्यावर लुकलुकणारा उजेड, आणि कोणी नाही. ज्या जागी देश पोट धरून हसायचा, त्या जागा एकामागून एक आल्या आणि गेल्या. बंबाखाली कोंबडी सापडते, ती जागा गेली. शिडीवरचा शिपाई उलटा लटकतो, तीही गेली. स्वतःचे विनोद असे शांततेत ऐकणं म्हणजे आपल्याच घराचं दार ठोठावावं आणि आतून कोणी ओ देऊ नये. सावेलिचला वाटलं, आपण आयुष्यभर हेच केलं की काय... रिकाम्या घरांची दारं ठोठावली.

मग अध्यक्ष आला. मागून बघताना त्याचं डाव्या छातीवरचं पदक उजव्या छातीवर दिसत होतं. भाषण सुरू झालं. सावेलिचने खिशातला तुकडा अंगठ्याखाली धरला.

कर्ण्यातून एक ‘टक्’ असा आवाज झाला. आणि शांत.

आणि मग हसू आलं.

ते उजव्या बाजूच्या कर्ण्यातून येत नव्हतं. ते डाव्या कानात येत होतं. लढाईत गेलेल्या, तीस वर्षांत ज्याने घंटासुद्धा ऐकली नव्हती, त्या कानात. आधी दाबलेलं, नाकातून निसटलेलं, मग सुटलेलं. त्याने वर बघितलं. पडद्यावर रिम्मा होती. कॅन खाली ठेवलेला, डोक्याचा रुमाल मागे घसरलेला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

तोही हसला. रडत रडत हसला. “वेन्या म्हण,” तिची घरातली हाक आठवून तो पुटपुटला. “एकदा वेन्या म्हण...”

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. रिम्माच्या डाव्या गालावर तीळ होता. पडद्याच्या मागून तो उजव्या गालावर दिसायला हवा होता, अध्यक्षाच्या पदकासारखा. तो डावीकडेच होता. ती बाकांकडे तोंड करून हसत नव्हती. ती त्याच्याकडे तोंड करून होती.

तिचं हसणं थांबलं.

“रिम्मा... मी कापलं गं. माझ्या हाताने. तुला सांगितलंही नाही... मला माफ केलंस का?”

ती पुढे आली. इतकी, की चित्र मोठं न होता नुसतं जवळ आलं. पडदा त्याच्या छातीपाशी हलकेच फुगला, जणू पलीकडून कोणी चाचपत होतं. कापडाला तळघरातल्या मातीचा गारवा होता. ते फुगलेलं कापड त्याच्या कोटाला लागलं, क्षणभर तिथेच राहिलं... आणि पुन्हा सपाट झालं.

कर्णा खरखरला. बंब आला, घंटा वाजली. पदक उजव्या छातीवर होतं.

दिवा लागला तेव्हा ग्लाफिरा पाय ओढत बाकांमधून येत होती. तिच्या हातात फिल्मची पट्टी लोंबत होती.

“नेमकं तुमच्या भाषणाच्या जागीच तुटलं बघा. जुना सांधा उखडला.” तिने पट्टी डोळ्याला लावून चाचपली. “हे इथे कोणीतरी आधीच कापलेलं आहे. माझ्याकडे रीळ आलं तेव्हापासूनच असं. मघाशी पडदा नुसता पांढरा होता, मिनिटभर. मी अंधारात जोडत बसले.”

सावेलिच पडद्यामागून बाहेर आला.

“सावेलिच,” ती हलकेच म्हणाली, “तुमच्याबरोबर कोण होतं मागे?”

“कोणी नाही.”

“मग हसलं कोण?” तिने छातीवर क्रूस काढला. “बाई हसली. मी कानांची पक्की आहे हो...”

तिने त्याला धक्क्यावर पोहोचवलं नाही. दारातूनच म्हणाली, “बोट येईल थोड्या वेळात. आत नका थांबू.”

बोटीवर त्याने सवयीने खिशात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. अंगठ्यातून रक्त येत होतं. लाटेने धक्का बसला असेल, असं मनाशी म्हणून त्याने अंगठा रुमालात गुंडाळला. वाटेत पुन्हा तिकडे हात नेला नाही.

घरी पोहोचला तेव्हा दुपार होती. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, खाली अंगणात पोरं चेंडू खेळत होती. पेटी त्याने दाराशीच ठेवली, कोटही न काढता भिंतीवरची बशी उतरवली आणि टेबलावर ठेवली. खिशातला तुकडा काढून आपल्या जागेत बसवायला गेला.

बसेना.

उलटा करून बघितला. फिरवून बघितला. कड धारदार होती, नुकती फुटल्यासारखी, आणि खाचेत ओली काळी माती. हात आपोआप बशीच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तुकडा दुसऱ्या जागेत पडला. रिम्माच्या. असा घट्ट, की सांधासुद्धा दिसेना.

त्याची स्वतःची जागा तेवढी उघडी राहिली. तिच्यातून खालचं टेबल दिसत होतं.

सावेलिचचा तुकडा आता कोणाच्या मुठीत असेल, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मग त्याने बशी पुन्हा खिळ्याला अडकवली, खिडकी लावली, बाहेरच्या पोरांचा आवाज बंद झाला. कुठे जायचं नव्हतं, कोणाचं बोलावणं नव्हतं. तरी तो दाराशी आला आणि पेटीवर बसला. नेहमीसारखा, अगदी कडेला, तोंडातून शब्द न काढता.

थोड्या वेळाने मोकळ्या बाजूचं झाकण करकरलं, आणि हळूच खाली दबलं.