आवाज आला की बटण दाबा

माझ्यासमोरचा हिरवा दिवा लागला, तेव्हा मी यंत्रातून एकही आवाज सोडलेला नव्हता.

आमची तपासणी तशी साधी असते. पेशंट आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसतो. काचेच्या अलीकडे मी. मी यंत्रातून बारीक बारीक स्वर सोडते. स्वर ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं, की माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. मला त्याच्याशी बोलायचं असेल तर माइकचं लाल बटण खाली करायचं, बोलून झालं की वर.

त्या दिवशी ते वर करायचं राहिलं.

"आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी," असं मी त्याला सांगितलं, यंत्र सुरू केलं, आणि ते तयार होईपर्यंतच्या मोकळ्या वेळात ताईचा फोन आला.

"पटकन बोल गं, पेशंट आत बसलाय."

"आधी बँकेचं सांग."

"काय सांगू! पगार झाला, तरी खातं उणेच. शिकताना ओव्हरड्राफ्ट काढला तेव्हा वाटलं होतं, नोकरी लागली की दोन-तीन पगारांत मिटवून टाकू. आता पगार येतो, खड्ड्यात पडतो, आणि खड्डा वर तोंड करून म्हणतो, एवढंच?"

दिवा लागला. मी दुर्लक्ष केलं.

"आमच्याकडून घे की थोडे."

"नको. तुझं बाळ आत्ताशी रांगायला लागलंय, तुला काय कमी खर्च आहेत? क्लिनिकच्या मॅडमनी मला कायम केलं की बँक मुदत वाढवून देणार आहे. नाही केलं तर सगळी रक्कम एकदम मागतील. तोपर्यंत मान खाली घालून काम. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

पुन्हा दिवा. लागला, विझला, लागला.

"ताई, हा आतला माणूस जरा चक्रम दिसतोय. मी काही आवाज सोडलेला नाही आणि हा आपला बटण दाबत सुटलाय."

"दिसायला कसा आहे?"

"ताई!"

"काच आहे ना मध्ये? बघ आणि सांग."

मी बघितलं. तोही बघत होता. निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर काहीतरी अवघडलेलं... जणू चुकून कुणाच्या स्वयंपाकघरात शिरलाय आणि बाहेर पडायची वाट सापडत नाहीये.

"बरा आहे," मी म्हटलं. "कान जरा मोठे आहेत. पण... शोभतात."

दिवा लागला. या वेळी विझलाच नाही.

मी खाली बघितलं. लाल बटण खाली होतं.

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. फोन मी कापला एवढं नक्की. तो बाहेर आला, हेडफोन दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला आणि हळूच म्हणाला, "मी दोनदा हाक मारली. तुमच्याकडचा स्पीकर बंद होता बहुतेक. म्हणून बटण दाबत होतो... तुम्हाला थांबवायला."

"शेवटचंसुद्धा?"

"नाही," तो म्हणाला, "शेवटचं थांबवायला नव्हतं."

मला हसायला यायला हवं होतं. पण मी मुळातच घाबरट. आता मला लेक झाल्यापासून तर ती शिंकली तरी मी उठून बसते, पण तेव्हाही फार वेगळी नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं: हा मॅडमकडे तक्रार करणार, मॅडम मला कायम करणार नाहीत, आणि बँक...

तेवढ्यात मॅडमच दारात उभ्या राहिल्या. "झाली तपासणी?"

"नाही झाली," तो म्हणाला. "मीच नीट बसलो नाही. मला परत यावं लागेल."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेल्या.

तो बाटल्यांच्या कारखान्यात नवा लागलेला इंजिनिअर होता. तिथं यंत्रांचा एवढा गोंगाट, की नव्या माणसाचे कान आधी तपासून ठेवतात, मग दरवर्षी. ताईला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "बाटलीवाला? पितो की काय?"

"अगं, बनवतो!"

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव बाटलीवाला पडलं.

दुसऱ्या खेपेला मी लाल बटण तीनदा तपासलं. त्याचे कान उत्तम निघाले. कागदावरच्या आलेखात त्याची रेघ पार वरच्या टोकाला चिकटून चालली होती.

"हे काय? मायनस पाच?" त्यानं वाकून विचारलं. "म्हणजे वाईट?"

"उलट. शून्य म्हणजे निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल इतका बारीक आवाज. तुम्हाला त्याहूनही बारीक ऐकू येतं. कानात मायनस म्हणजे कौतुक."

"आणि बँकेत?"

मी मान वर केली. त्याचा चेहरा एकदम पडला. "सॉरी. मला ते ऐकलेलं विसरता येत नाहीये. म्हणजे... विसरायला हवं होतं."

त्याच्या त्या पडलेल्या चेहऱ्यामुळेच असेल, मी म्हणून गेले, "बँकेत मायनस म्हणजे रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी छातीवर कुणीतरी बसलेलं असतं."

त्यानं आलेखाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "कॉफी घ्याल?"

"शून्य झाल्यावर."

"मग तोपर्यंत नुसतं चालूया? चालायचे बँक काही कापून घेत नाही."

चालू लागलो. क्लिनिक सुटल्यावर बसथांब्यापर्यंत, मग पुढच्या थांब्यापर्यंत, मग त्याच्याही पुढच्या. तो नेहमी गाड्यांच्या बाजूनं चालायचा. पाऊस असला की छत्री माझ्याकडे कलती धरायचा, आणि त्याचा उजवा खांदा भिजून गडद निळा व्हायचा. मी ते बघायची... आणि बघितलं नाही असं दाखवायची. एकदा त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. जाड काचेत एक हवेचा बुडबुडा अडकला होता.

"नापास माल," तो म्हणाला. "बुडबुडा आला की बाटली बाद. वितळवून टाकतात. ही मी मागून घेतली."

"का?"

"कारण उजेडाला धरली की तोच चमकतो. धरून बघ."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनीही मोजलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, आता काय, शून्य व्हायचाच अवकाश.

मग तो वडिलांना घेऊन आला.

वडील शाळेत खेळाचे सर होते. आयुष्यभर मैदानात शिट्टी फुंकली आणि तिनंच कान नेले. आल्या आल्या त्यांनी मला दमात घेतलं. "डॉक्टर, मला काही कमी ऐकू येत नाही. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

"बरोबर आहे, सर. आपण फक्त लोक किती तोंडातल्या तोंडात बोलतात ते तपासूया."

ते खूश झाले. तपासणीत मात्र बारीक, उंच आवाज त्यांना जवळजवळ येतच नव्हते.

"यंत्र लावलं तर काय ऐकायला आवडेल?" मी विचारलं. माणूस दिवसभर कुठं असतो, कुणाशी बोलतो, यावर कोणतं यंत्र द्यायचं ते ठरतं.

"सकाळी मैदानावर आम्ही चार म्हातारे चालतो. ते तिघं मला मागून शिव्या देतात अशी माझी खात्री आहे. त्या ऐकायच्यात."

"आणि घरी?"

"घरी हा. हा बोलतच नाही. अलीकडे तर एकटाच हसतो."

बाटलीवाल्याच्या त्या शोभणाऱ्या कानांची टोकं लाल झाली. मी पटकन यंत्रांच्या खोक्याकडे वळले. सरांना साधं यंत्र पुरेसं होतं. चांगलं, टिकाऊ, स्वस्त. तसं मी सांगणार, एवढ्यात तो म्हणाला, "सगळ्यात महागडं दाखवा."

"त्याची गरज नाहीये. त्यातल्या निम्म्या सोयी सर कधी वापरणारच नाहीत."

"असू दे. तेच द्या." आणि मग, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "त्यावर तुला कमिशन मिळतं ना? त्यात तुझं सगळं फिटेल. मी तुमच्या रिसेप्शनवर विचारून आलोय."

मॅडम दारात होत्या. त्या महिन्यात क्लिनिकची विक्री रोडावली होती आणि पुढच्याच आठवड्यात मला कायम करायचं की नाही ते त्या ठरवणार होत्या. हे एक यंत्र... आणि छातीवरून ते उठून जाणार होतं. एका दुपारीत.

सर आळीपाळीनं आमच्याकडे बघत होते. लोक तोंडातल्या तोंडात बोलत होते ना!

"सर," मी मोठ्यांदा म्हटलं, "तुम्हाला हे साधं यंत्र पुरतं. यात शिव्या अगदी स्वच्छ ऐकू येतील."

मॅडम निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज बोळातून लांब जाईपर्यंत मला ऐकू येत होता.

सर बाहेर यंत्रासाठी कानाचं माप देत असताना तो आत आला. "का असं केलंस? मला द्यायचे होते. मनापासून."

"माझा ओव्हरड्राफ्ट तू तुझ्या वडिलांच्या कानात भरायला निघालास?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. त्या दिवशी तू जे ऐकलंस ते मी तुला सांगितलेलं नव्हतं. माझ्या चुकीनं तुला ऐकू आलं. आणि हे देणं तू फेडलंस, तर मी बँकेऐवजी तुझ्याकडे उणे होईन. बँकेला निदान तोंड दाखवावं लागत नाही. तुझ्याकडे मी कशी बघू?"

तो दाराशी गेला. मग म्हणाला, "मी बाहेर थांबतो."

थांबला तो थांबलाच.

मॅडमनी मला कायम केलं नाही. काढलंही नाही. "अजून तीन महिने बघू," म्हणाल्या. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर मी जाऊन बसले. त्यानं सगळी रक्कम एकदम मागितली. मी महिन्याला किती भरू शकते ते स्वच्छ सांगितलं. बऱ्याच घासाघिशीनंतर तो तयार झाला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी कारखान्यांमधून कान तपासायची शिबिरं घेतली. घरून डबा नेला. ताई फोनवर विचारायची, "आणि बाटलीवाला?" मी म्हणायची, "लाल बटण वर केलंय."

सर मात्र यंत्राचा आवाज लावून घ्यायला येत राहिले.

"ऐकू आल्या शिव्या?"

"आल्या. भलत्याच सौम्य आहेत. निराशा झाली." मग खुर्चीत सरकून, "डॉक्टर, आमचा गाढव समोरच्या दुकानाच्या छपराखाली उभा आहे. आत चल म्हटलं, तर म्हणतो, बोलावल्याशिवाय जायचं नाही. आधी एकदा न बोलावता ऐकलंय म्हणे त्यानं. काय भानगड आहे?"

"काही नाही, सर."

"बरं. काही नाही तर काही नाही." ते उठले. "पण तिथं पागोळ्या गळतात हां डोक्यावर."

मी खिडकीतून पाहिलं. तो उभा होता. छत्री होती हातात, पण मिटलेली. उजवा खांदा गडद निळा.

मॅडमनी कायम केल्याचं पत्र दिलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या शिट्टीवाल्या सरांनी मैदानावरचे तिघंही पाठवलेत. तुझ्याकडेच यायचंय म्हणतात." त्यांच्या तोंडून ते कौतुकच होतं.

आणि मग एका सकाळी पगार जमा झाला, बँकेनं आपला वाटा घेतला, आणि खात्यावर पहिल्यांदा उणेचं चिन्ह नव्हतं. उरलेल्या पैशांत दोन कॉफ्या आल्या असत्या, फार तर एक बिस्किटाचा पुडा. मी स्टुलावर बसून ते पुन्हा पुन्हा बघितलं. ताईला फोन लावायला हात गेला... आणि थांबला. तो खड्डा केवढा होता हे ताईला माहीत होतं. पण तो भरायला मला एकटीला सोडणं कुणाला किती जड गेलं असेल, ते मला माहीत होतं.

मी कारखान्यात फोन केला. "तुमची कानाची तपासणी पुन्हा करायची आहे."

"वर्ष झालं नाही अजून," पलीकडून सावध आवाज आला.

"मी बोलावतेय."

तासाभरात तो काचेपलीकडे होता. हेडफोन, निळा शर्ट, मांडीवर बटण धरलेला हात. मी लाल बटणाकडे पाहिलं, आणि या वेळी समजून उमजून ते खाली दाबलं.

"ऐकू येतंय?"

दिवा.

"खातं शून्याच्या वर आलं. माझं मी."

दिवा लागला, आणि काचेपलीकडचा चेहरा असा उजळला की मला पुढचं वाक्य आठवेना. मी दुसरीकडे बघत बोलू लागले. "त्या दिवशी मी जास्त बोलले. तू चुकलास, पण तू... तू छत्री कलती धरतोस. आणि तुला मागून घ्यावीशी वाटते ती नापास बाटली. ती माझ्या खिडकीत आहे. सकाळी डोळे उघडले की आता आधी ती दिसते. तर मला असं विचारायचं होतं, की..."

आवाजबंद खोलीच्या अलीकडेही तसलीच शांतता पसरली. माझ्याच श्वासाचा आवाज माइकमध्ये जात असणार.

दिवा लागला.

"आवाज नसताना बटण दाबायचं नाही," मी कसंबसं म्हटलं. "मी अजून काही विचारलेलं नाहीये."

या वेळी स्पीकर चालू होता. काचेपलीकडून तो म्हणाला, "आवाज होता. फार बारीक होता. पण माझे कान मायनस पाच आहेत."

दिवा अजून तसाच होता. त्यानं बटणावरचं बोट काढलंच नव्हतं.