दिवंगत नावाचं फोल्डर

हे घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण माझी मावसबहीण हर्षाली उगाच काहीबाही बोलणाऱ्यातली नाही. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातला चहा पार गार झाला होता, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. उमरग्याची. हायवेला लागून खाली टायरचं दुकान, वर एक खोली... त्या खोलीतली.

हर्षाली वेबसाईट बनवते. पुण्यातली नोकरी सुटल्यावर ती उमरग्याला आली आणि ही खोली भाड्यानं घेतली. दवाखान्यांच्या, बियाण्याच्या दुकानांच्या साईट करता करता गेल्या वर्षी तिला एक मोठं काम मिळालं. लोहाऱ्याकडच्या एका गावाचं. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांनी नको म्हटलंय.

ते गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. दगडामातीची घरं, वर छताला पांढऱ्या मातीचं जाड माळवद, आणि पहाटेची साखरझोप. पुढं सरकारनं दुसरीकडं नवं गाव वसवून दिलं. आताच्या पोरांना जुनं गाव दिसावं म्हणून लोकांनी ठरवलं, पाहुण्यारावळ्यांच्या घरून जिथून मिळतील तिथून जुने फोटो गोळा करायचे आणि वेबसाईटवर टाकायचे. सप्टेंबरच्या शेवटी गावात श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. साईट त्या दिवशी सुरू करायची.

पुढाकार महारुद्रअण्णांचा. गावातले मोठे, मानाचे माणूस. स्वभावानं सज्जन... पण हर्षालीच्या डोक्याला ताप.

फोटो यायचे ते सगळे व्हॉट्सॲपवर. एक आडवा, एक उलटा, एकावर ट्यूबलाईटची चमक, एकावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा. जत्रेचा एकच फोटो पाच घरांतून पाच वेळा आला. एकानं तर आजोबांच्या भोवती गुलाबाची फुलं लावून वर 'शुभ सकाळ' लिहून पाठवलं. फाईलींची नावं म्हणजे नुसते आकडे. कोण कुणाचं, काही पत्ता नाही. ती दिवसभर एकेका फोटोला नाव देत बसायची आणि संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा, "ताई, त्यो फोटो आमच्या काकाचा न्हाय, शेजाऱ्याचा हाय."

मग एक दिवस अण्णांनी नवीनच काढलं.

"मयत मानसांचं येगळं करा."

"अहो अण्णा, लग्नाच्या फोटोत अर्धी माणसं गेलेली आहेत, अर्धी हयात. हा फोटो मी कुठं टाकू?"

"मयतांचं येगळंच पायजे. लोकांला हात जोडायला बरं."

"पण फोटो एकच आहे!"

"ते तुमी बगा ताई. तुमाला त्यातलं कळतं."

हर्षालीनं फोन ठेवला आणि दात ओठ खात एक नवं फोल्डर बनवलं. नाव दिलं, 'दिवंगत'. गेलेली माणसं ज्या ज्या फोटोत होती, त्या सगळ्या फोटोंची एकेक प्रत त्यात टाकली. त्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी त्या फोल्डरमध्ये एक फाईल जास्तीची होती.

नाव नाही. तारीख नाही. नुसता करडा चौकोन...

उघडेना. तिनं ती उडवली. पान पुन्हा उघडलं.

फाईल तिथंच.

पुन्हा उडवली. पुन्हा तिथंच. तारखेनं लावा, नावानं लावा, ती आपली सगळ्यांच्या आधी. चहा पिऊन आली, तरी तिथंच. हर्षालीला भीतीबीती काही वाटली नाही. तिला संताप आला. लॉगिन फक्त दोघांकडं होतं, तिच्याकडं आणि अण्णांकडं.

"अण्णा, तुम्ही साईटवर काही टाकताय का?"

"म्या? मला तर त्यातलं उगडता बी येत न्हाय."

"मग तुमच्या घरातलं कुणीतरी टाकतंय. सांगा त्यांना, हात लावू नका म्हणून!"

"आमच्यात कुनी हात लावना, ताई." अण्णा दुखावल्यासारखे बोलले.

तिनं पासवर्डच बदलला. आता साईट फक्त तिच्या हातात.

त्या दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, राऊटर विझला, नेट बंद. खालचं टायरचं दुकान जेवणासाठी बंद होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, आणि चिडून चिडून दमलेली हर्षाली डोकं धरून बसली होती.

तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला.

झर्र...

मुठीतून कुणी माती हळूहळू सोडावी, तसा.

तिनं खिडकी पाहिली. बंद. पंखा पाहिला. स्थिर. आवाज थांबला. तिनं खाली पाहिलं तर कीबोर्डवर चिमूटभर माती पडली होती. बारीक. पांढरी...

उमरग्याची माती काळी आहे.

आणि समोर तो करडा चौकोन उघडलेला होता. नेट बंद असताना.

फोटो होता एका घराचा. आतून काढलेला. दगडी भिंती, लाकडी खांब, मधे एक बाज. बाजेवर कुणी नाही. खोलीत कुणीच नाही.

नुसतं घर.

लाईट आली तेव्हा चौकोन परत करडा झाला. तिनं माती फडक्यानं पुसली आणि घरी गेली.  

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. अण्णांनी साईटची लिंक आधीच गावात सगळ्यांना दिली होती.

"ताई, आमची आई कुठं गेली फोटोतून?"

"ताई, जत्रंच्या फोटोत आमचा दादा दिसंना."

हर्षालीनं फोटो उघडले.

लग्नाच्या फोटोत नवरा होता, नवरी होती. दोघांच्या मागं नवरीचा बाप उभा असायचा. आता तिथं भिंत दिसत होती. नवरीच्या खांद्यावर त्याचा हात नव्हता, पण खांद्यावरची साडी तशीच दबलेली होती.

हयात माणसं जागच्या जागी. गेलेली सगळी गायब.

तिनं व्हॉट्सॲपवरून मूळ फोटो पुन्हा घेतला. त्यात बाप होता. साईटवर चढवला. होता. पान पुन्हा उघडलं...

नव्हता.

पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "ब्राऊझरचा जुना साठा साफ कर, होतं असं." हर्षालीनं साफ केला. दुसऱ्या ब्राऊझरमधून पाहिलं. मोबाईलवरून पाहिलं. तेच. कार्यक्रम आठ दिवसांवर, गावचे फोन थांबेनात, आणि प्रत्येक जण तिलाच बोलत होता. एक बाई फोनवर रडत म्हणाली, "आई एकदा मातीनं नेली, आता तू नेलीस."

हर्षालीनं लॅपटॉप बंद केला आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. लोकांचा राग येत होता, अण्णांचा येत होता, सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढं शिकून चार फोटो जागेवर ठेवता येत नाहीत!

अशातच गिरिजाबाई आल्या.

साठीच्या पुढच्या. लोहाऱ्याहून जीपनं आल्या होत्या. कपाळाला विभूती, हातात रुमालाची पुरचुंडी. जिना चढून धाप लागली होती. बसल्या, पाणी प्याल्या, आणि रुमाल सोडला. आत एक कागदी फोटो होता. शेजारणींच्या घोळक्यात उभी असलेली परकरातली पोर.

"ही माझी शिवलीला. त्या रातीला गेली. फोटू भनीकडं हुता म्हनून ऱ्हायला. दुसरा न्हाय." बाई तिच्याकडं बघत होत्या. "तुज्या मशिनीत ती दिसंना म्हनत्यात. म्हनून म्या हाच घिऊन आले. बग बाई, काय हुतंय का."

हर्षालीनं कागद हातात घ्यायच्या आधी श्वास रोखला.

होती. शिवलीला कागदावर होती. सरळ समोर बघत होती, जरा लाजत.

साईटवर मात्र त्या घोळक्यात एक मोकळी जागा होती.

"आजी, माझ्याकडून काही चुकलेलं नाही, खरंच. मला कळतच नाहीये..."

गिरिजाबाईंचं तिच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. करड्या चौकोनावर.

"हे काय हाय?"

चौकोन उघडला.

तेच घर. तेच खांब, तीच बाज. पण आता घर रिकामं नव्हतं.

बाजेवर माणसं होती. जमिनीवर माणसं होती. खांबाला टेकून, भिंतीला पाठ लावून... दाटीवाटीनं. नवरीचा बाप होता. गुलाबाच्या फुलांतले आजोबा होते. फोनवर रडणाऱ्या बाईची आई होती. आणि पुढं, अगदी जवळ, परकरातली पोर.

हर्षालीनं खुर्ची मागं सरकवली.

गिरिजाबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्या पडद्यावर हळूच हात फिरवत एकेकाचं नाव घेत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "समदी एका जागी हायत गं... माझी लेक बी त्यांच्यातच हाय."

"आजी, हे घर कुणाचं?"

बाईंनी निरखून पाहिलं. "घर वळखीचं न्हाय. मानसं आमचीच हायत." मग त्या थांबल्या. पुढं वाकल्या. "पन ही समदी वर का बगायलेत?"

हर्षालीनं पाहिलं.

बाजेवरची, जमिनीवरची, खांबाजवळची... सगळ्यांच्या माना वर होत्या. छताकडं.

झर्र...

या वेळी आवाज डोक्यावरून आला.

हर्षालीनं वर पाहिलं. पांढरा स्वच्छ स्लॅब. साधी भेग नाही. पण गिरिजाबाईंचा चेहरा क्षणात बदलला. तो आवाज त्यांनी आयुष्यात एकदा ऐकला होता.

"ऊठ!" त्यांनी हर्षालीचं मनगट धरलं. "भाईर चल! ऊठ आदी!"

"आजी, लॅपटॉप..."

"मरू दी ते!"

त्या म्हाताऱ्या हाताला एवढा जोर कुठून आला, हर्षालीला अजून कळलेलं नाही. बाईंनी तिला खुर्चीवरून ओढलं, दारातून ढकललं, आणि दोघी जिन्याच्या पहिल्या पायरीवर आल्या असतील नसतील...

धाड!

खोलीतून धुळीचा लोट बाहेर आला. खालून टायरचं दुकान चालवणारे घरमालक चाँदपाशा धावत वर आले. "या अल्ला! बेटी, लगा तो नै?"

लागलं नव्हतं. स्लॅबचा मोठा तुकडा सळ्यांसकट टेबलावर आला होता. खुर्ची चेपली होती. लॅपटॉपचे दोन तुकडे झाले होते. शिवलीलाचा फोटो मात्र गिरिजाबाईंच्या मुठीत सुखरूप होता.

चाँदपाशांनी मिस्त्री आणून दाखवलं. सळ्या आतून गंजल्या होत्या, तो म्हणाला. ते खरंच असेल. पण राडारोडा उचलताना त्याखाली पांढऱ्या मातीचा ढीग निघाला. टोपल्या भरभरून. मिस्त्री बराच वेळ ती माती बोटात चोळत राहिला. सिमेंटच्या स्लॅबात माती कुठून आली, हे त्यालाही सांगता आलं नाही.

हर्षालीनं भावाच्या कॉम्प्युटरवर साईट उघडली. फोटो सगळे पूर्ण होते. नवरीच्या खांद्यावर बापाचा हात होता. बिननावाची फाईल नव्हती, आणि 'दिवंगत' फोल्डर रिकामं होतं. तिनं ते उडवलं. या वेळी ते गेलं. फोटो तिनं घराण्यांच्या नावानं लावले, गेलेले आणि हयात एकत्र. अण्णांनी हुज्जत घातली नाही. "ऱ्हाऊ द्या तसंच," एवढंच म्हणाले.

कार्यक्रम झाला. साईट मोठ्या पडद्यावर दाखवली. लोक रडले, लोकांनी हर्षालीला नारळ दिला, साडी दिली. ती मागं उभी राहून एकेक फोटो सरकताना पाहत होती. आणि हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं...

प्रत्येक फोटोत हयात माणसं समोर बघत होती.

गेलेली वर बघत होती.

फार नाही. किंचित. सांगितल्याशिवाय कळणार नाही इतपत.

तिनं मला सांगितल्यावर मी स्वतः साईट उघडून पाहिली. खोटं कशाला बोलू? तसंच आहे.

पडायचं ते पडून गेलं होतं. मग ही माणसं अजून काय बघतायत?

न राहवून हर्षालीनं गिरिजाबाईंना फोन लावला.

"आजी, तुमच्याकडचा कागदाचा फोटो बघून सांगा. शिवलीला कुठं बघते?"

पलीकडं बाईंनी पुरचुंडी सोडून फोटो काढला.

"आदी माझ्याकडं बगायची."

"आणि आता?"



"म्या माझी बाज भाईर काढलीया, बाई," त्या म्हणाल्या. "तू बी भाईरच झोपत जा."