मागचं डावं चाक

हसायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं. भागोजीला मी ओळखतो, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

१९८६ सालची कार्तिकातली अमावास्या. हातखंब्याला टॅक्सी चालवणाऱ्या भागोजीनं संध्याकाळी पंक्चर झालेली स्टेपनी तिथल्याच दुकानात टाकली, ‘उद्या नेतो’ म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गावी परतला. तर बायको हौसा दारातच बसलेली. लाकडं काढताना तिच्या हाताला विषारी फुरसं चावलं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात फ्रीज होता, इंजेक्शन नव्हतं. फ्रीजची फीत कापायला मात्र पुढारी आले होते! राहिली रत्नागिरी. भागोजीनं तिला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी काढली.

हातखंब्याच्या अलीकडे घाटात एक वळण आहे. तिथं रात्री कुणी ड्रायव्हर थांबत नाही. त्याआधी दोन वर्षं तिथं ट्रक दरीत गेला, भागोजीच्याच गावचा क्लीनर बाबल्या मेला. ‘चाकात हवा कमी आहे’ असं तो घाटाच्या वरपासून ओरडत होता, वाटेतल्या लोकांनी ऐकलं होतं. ट्रक चालवणारा मालक म्हणाला, चल, काही होत नाही. मालकानं उडी मारली, वाचला, आणि पोलिसांना सांगितलं, क्लीनरनं चाकं बघितलीच नव्हती. पेपरांनीही तेच छापलं. तेव्हापासून तिथं मागून हाक येते. ओ द्यायची नाही, थांबायचं नाही, हे सगळ्या ड्रायव्हरांना पाठ.

वळण आलं. मागच्या पत्र्यावर थाप पडली.

“भागोजी... मागचा डावा चाक बघ. हवा कमी हाय.”

पुढचा दात नसल्यानं बाबल्याच्या बोलण्यात शीळ वाजायची. तीच शीळ.

“अवो, थांबू नका,” हौसा पुटपुटली. “त्यो... बाबल्या.”

भागोजीनं वेग वाढवला. स्टिअरिंग डावीकडं ओढू लागलं. डावीकडं दरी.

“बघ रं...”

त्यानं ब्रेक मारला. उतरला. चाकावर बॅटरी मारली. चाक रिमवर बसलेलं. स्टेपनी हातखंब्याला. पंप नाही. आत हौसाचा श्वास अडखळत होता...

भागोजी रस्त्यावर बसला आणि अंधारावर ओरडला, “नुसता सांगायला येतस? मग भर ना, मेल्या! भर! तेव्हा तुझा कुणी ऐकला नाय... मी थांबलो ना?”

काही नाही.



त्यानं चाकाकडं पाठ केली. कपाळ पत्र्यावर टेकलं.

मग... फुऽऽ.

थांबून... फुऽऽ.

त्यानं वळून बघितलं नाही. चाचपडत पुढं जाऊन बसला. गाडी एका बाजूनं हळूहळू उचलली जात होती...

हौसा वाचली. जाऊन विचारा तिला.

सकाळी हातखंब्याच्या पंक्चरवाल्यानं ते चाक खोललं. खोलेपर्यंत ते दगडासारखं कडक होतं. ट्यूब बाहेर काढली, तर बोटभर फाटलेली. त्यानं व्हॉल्व्ह उजेडात धरला आणि भागोजीच्या हातात दिला.

पितळेवर दातांच्या खुणा होत्या. मधल्या एका दाताची जागा तेवढी कोरी.