अंगुस्तानाचे चार ठोके

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मला कुणाची मनधरणी करायची नाहीये. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले होते आणि माझ्या पोटात चहाशिवाय काहीही नव्हतं.

जागा माझाच स्टुडिओ. तळघरातल्या दोन खोल्या. एकीत गाणारा, दुसरीत मी, मध्ये जाड काच. चाळीस वर्षं तिथं रेकॉर्डिंग करतोय. कुठली फळी कधी कुरकुरते ते मला पाठ आहे.

त्या दिवशी गायला आले होते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. लोकगीतांच्या चालींना इलेक्ट्रिक गिटार लावून या माणसानं एक काळ गाजवला होता. आता वय बाहत्तर. चौदा वर्षांनी नवा अल्बम, दहा गाणी. पेपरवाले आधीच डोक्यावर घेऊन नाचत होते.

"काय खुंटीराव! या वयात दहा गाणी लिहिली. आहे कुणाची टाप?"

मी दिवसभर बटणं पिळतो, म्हणून दाजींसाठी मी खुंटीराव.

मी स्टँडवरचे कागद सरळ करायला गेलो...

एक पान उलटून पाहिलं.

वहीतून फाडलेली जुनी पानं. पुढं गाणं. मागं छाती चौतीस, बाही एकवीस, उंची चाळीस.

ताईचं अक्षर.

ताई घरी शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांची मापं ज्या वहीत, त्याच वहीत तिची गाणी. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पत्र्याचं अंगुस्तान न काढता खुर्चीच्या हातावर चार ठोके द्यायची आणि गायला लागायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"दाजी, ही तर ताईची..."

"नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं? तू आपली बटणं बघ."

मी बटणं बघितली. तोंड शिवून बसायची माझी खोड जुनीच.

माझी एक पद्धत आहे. गाण्याआधी सगळ्यांना बाहेर काढतो आणि रिकाम्या खोलीची एक मिनिटभर शांतता रेकॉर्ड करतो. नंतर गाणं जोडताना ती कामाला येते. दाजी जिन्यात सिगरेट ओढत होते. मी शांतता रेकॉर्ड केली आणि ऐकायला लावली.

टक्... टक्... टक्... टक्.

खोलीत कुणी नव्हतं. फक्त एक लाकडी खुर्ची.

स्वतःला म्हटलं, म्हातारा झालास, कान वाजतात.

दाजी गायले. झकास गायले, खोटं कशाला बोलू. मग मी रेकॉर्डिंग लावलं.

गिटार होती...

आवाज नव्हता.

वायर बदलली. माइक बदलला. पुन्हा गायले. पुन्हा लावलं.

चार ठोके... आणि मग ताई.

तोच किंचित घोगरा आवाज. दाजींच्या गिटारवर, दाजींच्या जागी. मला भीती वाटली नाही हो. आधी रडूच आलं.

काचेपलीकडे दाजी पांढरेफटक पडले होते.

"पूस ते!" ते ओरडले. "खुंट्या, पूस म्हणतो ना!"

अडतीस वर्षांपूर्वी हाच शब्द, हीच खोली. पहिल्या अल्बममध्ये ताई दाजींच्या जोडीनं गायली होती. रात्र रात्र जागून लिहिलेली तिचीच गाणी. ती घरी गेल्यावर दाजी म्हणाले, तिच्यापुढं मी फिका पडतोय, पूस. मी पुसलं. जगाला सांगितलं की टेप खराब झाली. ताईनं ते ऐकलं आणि दाजींना एका शब्दानं बोलली नाही. फक्त माझ्याकडं बघून म्हणाली,

"तुझ्या हातानं, रे?"

त्यानंतर ती कधी गायली नाही.

आणि मंगळवारी मी काय केलं असेल?

बटण दाबलं. पुन्हा. त्याच बोटानं.

दाजी तिसऱ्यांदा माइकसमोर उभे राहिले. तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या. बोटं गिटारवर पळत होती...

माझ्या हेडफोनमध्ये ताई गात होती.

दाजींनी गिटार टाकली, गळा धरला. तार थांबली. गाणं थांबलं नाही.

तेव्हापासून दाजींच्या तोंडून चकार शब्द निघालेला नाही. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काहीही दोष नाही. ते पाटीवर लिहून बोलतात.

अल्बम काढणाऱ्या कंपनीला मी काही पाठवलं नव्हतं, एक गाणंही पुरं झालं नव्हतं. तरी शुक्रवारी तिथल्या बाईंचा फोन आला.

"दहाही गाणी मिळाली. सुरेख आहेत! या गाणाऱ्या बाई कोण?"

समोर बसलेल्या दाजींनी पाटी वर धरली: "सांग, गाणी माझी."

मेल्याला अजूनही हाव सुटत नव्हती! मी पाटी हातातून ओढून घेतली. फोनवर ताईचं पूर्ण नाव सांगितलं. गीत तिचं, चाल तिची, गळा तिचा. छातीवरचं ओझं उतरलं.

"मग पहिल्या अल्बममध्ये त्या कशा नव्हत्या?" बाईंनी विचारलं.

"टेप खराब झाली होती," मी म्हणालो. सवयीनं निघून गेलं हो तोंडातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताची तर्जनी, बटण दाबायचं तेच बोट, ठणकत होती. टोकाला रक्ताचा बारीक ठिपका. सुई टोचल्यासारखा.

माझ्या घरात सुई नाही.

तिसऱ्या दिवशी दोन ठिपके. मग तीन... रोज एक नवा. जुना एकही बुजत नाही.

अल्बम आलाय. ताईचं नाव मोठ्या अक्षरात आहे, लोक हळहळतायत. दहावं गाणं संपल्यावर थोडी शांतता आहे. इतरांना तिथं काही ऐकू येत नाही. मला येतं.

"तुझ्या हातानं, रे?"

म्हणून आज डाव्या हातानं हे लिहितोय. टेप खराब झाली नव्हती. ताईचा आवाज मी पुसला. दोनदा. ऐका सगळ्यांनी.

वाटलं होतं, एवढं कबूल केलं की ती सोडेल.

आत्ता बोट पाहिलं. सकाळी अडतीस होते.

एकोणचाळिसावा अजून ओला आहे.